पाचवी नळी

वाऱ्याने विंडचाइम वाजवायची ती वाजवली
आणि मग तिची दोरीच खाल्ली.
फ्लीटवुडच्या वाऱ्याला खारट दात आहेत;
सायकलची साखळी, बिजागऱ्या, फाटकाची कडी,
त्याला काहीही चालतं.

मंगळवारी पहाटे मागच्या अंगणात खळ्ळकन झालं.
हेरंब पलंगावर उठून बसला, म्हणाला,
"दार पडलं."
दार जागेवरच होतं. पण त्याच्या लेखी तेच खरं:
कांद्याच्या वाफ्यापासून घरात परतताना
गेली दोन वर्षं तो डोळ्यांना त्रास देत नाही,
किणकिणीकडे तोंड करतो आणि चालू लागतो.

टेबलावर रद्दी पसरली.
नळ्या सापडल्या चार.
पाचवी कुणाच्या कुंपणात की समुद्रात,
तिचं तिला माहीत.
मधला लाकडी लोलक उभा चिरलेला,
वरच्या चकतीवर पांढरट बुरा.
व्हिनेगरने घासली तर घरभर
चिप्सच्या दुकानाचा वास.

दोरी नॉर्मन विग्नॉलने दिली, जाळ्याची.
त्याची बोट कधीच भंगारात गेली,
शेडमध्ये रिळं मात्र अजून रांगेत.
"ही आपल्या सगळ्यांना पुरून उरेल,"
एवढं बोलून त्याने एक गाठ दाखवली.
मी सात वेळा चुकले.
आठव्यांदा हेरंबने दोरी माझ्या हातातून घेतली
आणि बातम्या ऐकता ऐकता बांधून टाकली.
"तू बघत बसतेस," म्हणाला, "म्हणून चुकतेस."

पाचवीच्या जागी तांब्याचा पाइप,
बॉयलर बदलला तेव्हा उरलेला.
करवतीने कापताना दात शिवशिवले.
भोक मी आधी अगदी टोकाला पाडलं;
नळी ठक्क म्हणाली आणि गप्प.
मग कळलं, लांबीच्या पावभागाच्या किंचित अलीकडे
एक जागा असते जी वाजताना हलत नाही.
तिथे धरलं की बाकीची नळी मोकळी सुटते.
मी दोन बोटांत धरून चमच्याने ठोकत होते,
तो समोर बसून सांगत होता,
"खाली. अजून. जरा जास्त झालं. हां."

रविवारी शिडीवर चढून टांगली
तर वारा नाही.
फ्लीटवुडमध्ये! वारा नाही!
दोन कप चहा झाला. कपडे वाळत घातले, तेही लोंबत राहिले.
चारच्या सुमारास कपड्यांची बाही हलली
आणि चार ओळखीच्या बोलल्या,
मागून एक घोगरी, जराशी उशिराने,
मंगलाष्टक संपल्यावर अक्षता टाकणाऱ्या काकांसारखी.

हेरंब कांद्यांपाशी. मान तिरकी.
"ही कोण?"
"बॉयलर," मी म्हटलं.
तो हसला नाही. हाताची माती झटकली,
डावीकडे दोन पावलं गेला, चुकला,
थांबला, पुन्हा ऐकलं,
आणि घोगरीच्या रोखाने थेट निघाला,
कुंडीला वळसा घालून, पायरीपर्यंत.
"राहू दे हिला," म्हणाला.
"त्या चौघी साऱ्या गल्लीच्या.
ही आपल्या दाराची."

गुरुवारी नॉर्मन आला, हातात हरवलेली नळी,
त्याच्या वाटाण्यांच्या वेलात अडकली होती म्हणे.
मी आभार मानले.
ती आता चमच्यांच्या खणात आहे,
लाटण्याच्या मागे, कपड्यात गुंडाळून,
खण ओढताना वाजू नये म्हणून.