की

एकच ओळ लिहिली मी.
नाव, वय, मशीनचा नंबर,
आणि उजवीकडे शेऱ्यासाठी रिकामा चौकोन.
मग तीच ओळ अठ्ठावीसदा मागवली.
वरून नाव सोडलं की खाली माणूस उभा.
कंपोनंटची हीच मजा,
एकदा नीट घडवायचं, मग फक्त हाक मारायची.

कन्सोल लालभडक कुरकुरला होता:
यादीतल्या प्रत्येकाला वेगळी की द्या.
दिली. शून्य, एक, दोन, तीन,
ज्याची जी जागा तीच त्याची की.
कुरकुर थांबली.
थांबली म्हणजे बरोबर, असं मी धरलं
आणि परसोडीच्या टपरीवर जाऊन
जास्तीची तर्री मागून पोहे खाल्ले.

मंगळवारी धंतोलीहून फोन.
डायलिसिस सेंटरच्या छाया लांजेवार,
सकाळच्या पाळीची यादी त्याच लावतात.
"मॅडम, तुमची स्क्रीन खोटं बोलून राह्यली."
काय झालं?
"निखारे काकांचं नाव काढलं मी.
नाव गेलं. शेरा नाही गेला.
तो पराते बाईंच्या नावापुढं जाऊन बसला."
कोणता शेरा?
"एसीखालचा बेड द्यावा."

बाहेर शेहेचाळीस.
माझ्या कूलरची टाकी कोरडी, पंप नुसताच घरघरत होता.
आणि तिकडे गोळीबार चौकाच्या कौसल्या पराते,
ज्या मे महिन्यातही शाल घेऊन येतात,
कारण नळ्यांतून फिरून परत येणारं रक्त
त्यांना गार लागतं,
चार तास एसीखाली.
बोलल्या नाहीत काही.
कम्प्युटरात लिहिलंय म्हणजे तसंच असेल, म्हणाल्या म्हणे,
आणि शालीवर टॉवेल घेतला.

रात्री मी तीन खोटी नावं टाकली,
मधलं काढलं,
आणि माझ्या डोळ्यांदेखत घडलं ते.

लायब्ररीचा दोष नाही. ती काटकसरी आहे.
जुनं चित्र नव्या चित्राखाली धरते,
फरक असेल तेवढंच पुसते.
तिसरा गेला? पण तिसऱ्या जागी कुणीतरी आहेच की!
मग खोली कशाला पाडा,
दारावरची पाटी बदलली की झालं.
आतल्या कपाटात आधीच्या भाडेकरूचे कपडे
तसेच लटकलेले.

तिचा एकच प्रश्न असतो दर वेळी:
हा की तो?
आणि मी उत्तर देऊन ठेवलं होतं,
जो रांगेत जिथं उभा, तो तोच.

बदल केवढासा. एक शब्द.
जागेच्या आकड्याऐवजी नोंदणी क्रमांक,
जो सेंटरच्या पिवळ्या कार्डावर
पहिल्या दिवशी बॉलपेननं लिहितात
आणि मग कधीच बदलत नाहीत.
शेराही ओळीच्या पोटातून काढला,
वर नेऊन ज्याच्या त्याच्या नोंदीत ठेवला.

निखाऱ्यांचं नाव का काढलं,
हे मी फोनवर विचारलं नव्हतं.
कोडमध्ये काढून टाकणं असं काही नसतंच,
उरलेल्यांची नवी यादी होते फक्त.
त्यात कारणाचा रकाना नाही.
पाच दिवस मी तो रकाना
मनातल्या मनात भरत आणि खोडत राहिले.

रविवारी पुन्हा छायाताई.
मी फोन दोनदा वाजू दिला.
"मॅडम, निखारे आले बरं का आज.
भंडाऱ्याला पोरीकडं होते, तिकडंच करून घेतलं डायलिसिस.
आता नवव्या नंबरवर टाकलं त्यांना."
आणि शेरा?
"तोच हो, एसीखालचा बेड.
पण तिथं पराते बाई बसून आहेत आधीच."

मी की तपासली. बरोबर होती.
यादी बरोबर, चौकोन रिकामा.
मग?

"काही नाही," त्या हसल्या,
"शाल घेऊन स्वतःच गेल्या तिथं.
म्हणे, माझी जागा तीच आहे,
मागच्या मंगळवारपासून."