पाटी

बेथेस्डात दगडाला तोटा नाही.
गावामागचा डोंगर सोलून ठेवलाय,
जांभळट काळ्या पाट्यांचे ढीग,
त्याच पाट्या छपरांवर, कुंपणाला, थडग्यांवर.
एलुनेडनं त्यातलीच एक उचलली,
ओल्या फडक्यानं पुसून मशीनच्या जाळीवर ठेवली.
वय अठ्ठावन्न. तीस वर्षं शाळेच्या भटारखान्यात.
आता हे यंत्र,
भाच्यानं हौसेनं घेतलेलं आणि कंटाळून मावशीला दिलेलं.

पडद्यावर रिकाम्या चौकटी.
पॉवर. स्पीड. ओळींमधलं अंतर.
जसं कुणी अख्खी पाककृती लिहावी
आणि मीठ किती ते सांगूच नये.

आधी प्लायवूडवर हात बसवावा म्हटलं,
तर धुरानं खोली भरली
आणि लाकडाला असं भगदाड
की खालची जाळी दिसावी.
आकडा बरोबर होता. तीनदा ताडून पाहिला.
दुसऱ्या दिवशी चहा ओतताना दिसलं,
आकडा होता सेकंदाचा,
आणि चौकटीशेजारी बारीक अक्षरात मिनिट.
साठपट सावकाश चालला होता तो किरण,
सांगितल्या शब्दाबाहेर न जाता.
अशा आज्ञाधारक पोरांची तिला शाळेतही
भीतीच वाटायची.

मग चौकोन.
आडवे दहा, उभे दहा, नखाएवढे, पाटीवर.
उजवीकडे जावं तशी आच वाढते,
खाली उतरावं तशी घाई.
काही नुसते धुरकट, काचेवर सोडलेल्या श्वासासारखे.
वरच्या उजव्या कोपऱ्यातले भाजून फुटलेले,
त्यांच्यावर तिनं खडूनं फुली मारली.
सातव्या ओळीत चौथा मात्र
दुधी, स्वच्छ, कडा धारदार.
त्याला गोल केला
आणि आकडे वहीत उतरवले,
जिथे अजून दोनशे पोरांच्या बटाट्यांचे हिशेब होते.

योरवर्थ आला तो मार्चात.
खाणीत चाळीस वर्षं,
छिन्नीच्या एका टिचकीनं दगडाची पानं सोडवणारा.
कुत्रा गेला, म्हणाला.
मॉट. एवढंच लिही.
पैसे आधीच टेबलावर ठेवले, नाणी चाचपत, मोजून.

तिनं पाटी दिली. दुधी, स्वच्छ.
तो ती घेऊन खिडकीशी निघाला, अर्ध्यात थांबला,
अंगठा फिरवला. परत फिरवला.
‘सुरू कधी करणार आहेस?’ म्हणाला.

तेव्हा कुठे तिनं त्याच्या डोळ्यांकडे नीट पाहिलं.

हा किरण दगडाला फक्त उजळवतो,
खोल जायचं त्याच्या मनात नसतं.
ते तिला ठाऊक होतं,
पण ठाऊक असणं वहीत कुठे लिहिलेलं नव्हतं.
त्या रात्री नवे शंभर चौकोन केले,
पंखा बंद झाल्यावर दिवाही मालवला
आणि बोटानं एकेक वाचत गेली.
सातव्या ओळीतला चौथा सापडलाच नाही.
सापडले ते वरच्या कोपऱ्यातले, फुलीवाले,
खरखरीत, काचेसारखे टोचणारे.
सावकाश. आणखी सावकाश. तीन फेऱ्या.
दुसऱ्या फेरीत पाटी जराशी सरकली,
ते तिला सकाळी कळलं.

योरवर्थचा अंगठा पहिल्या अक्षरावर चढला,
उतरला, गोलाला वळसा घातला,
शेवटच्या अक्षरावर रेंगाळला.
‘हे सैल आहे,’ म्हणाला.
‘आहे,’ ती म्हणाली. ‘दुसरी करून देते.’
त्यानं पाटी कोटाच्या आत घातली.
‘नको. तोही सरळ चालायचा नाही.’

वहीत, बटाट्यांच्या खाली :
मॉट. पॉवर ऐंशी. स्पीड शंभर, मिनिट नव्हे, सेकंद.
तीन फेऱ्या. पाटीला दोन्हीकडून खिळे लावणे.
दिसायला वाईट.