तुर्तु

वरून येणाऱ्या प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात
एकच शब्द असतो : तुर्तु.
अकरा वर्षांपूर्वी, नोकरीत नवी असताना,
कन्नड अक्षरं एकेक जुळवत
मी तो मराठीतून वाचला.
तूर्त.
म्हणजे सध्यापुरतं. म्हणजे बसा, पाणी प्या, बघू.
कागद हजेरीपटात घालून ठेवला
आणि तिसऱ्या दिवशी खानापुरात उभ्याने बोलणी खाल्ली.

महादेवी हुक्केरी पोट धरून हसली.
'अक्कोरे, तुर्तु म्हणजे घाईचं!
आत्ताच्या आत्ता. निन्नेच. कालच द्यायचं होतं.'

तेव्हापासून सगळं कालच द्यायचं होतं.
अंड्यांचा हिशेब, बुटांची मापं,
कुणाचं आधारातलं नाव दाखल्याशी जुळत नाही ते.
(लुमाण्णाचा बाप कन्नडात एक, मराठीत दुसरा,
आणि दोघंही गोव्यात गवंडीकामाला.)
तिसरी-चौथी एका फळ्यावर, मधे खडूची रेघ,
रेघेच्या दोन्ही बाजूंना मी.

गेल्या माघात वजाबाकी शिकवताना
हातचा घेतला आणि हात तिथेच राहिला.
छातीत कुणी खुंटी ठोकत होतं.
डॉक्टरांनी पट्टी काढली, डोळ्यांजवळ धरून पाहिली.
हृदय चांगलं आहे बाई, म्हणाले, टेन्शन घेऊ नका.
मी म्हटलं, घेत नाही हो. पाठवतात.

ताणावर एक प्रशिक्षणही झालं, सक्तीचं.
नाकाने चार मोजत आत, तोंडाने सहा मोजत बाहेर.
सहापर्यंत पोचायच्या आत ग्रुपवर तीन निरोप आले होते,
पैकी एक त्याच प्रशिक्षणाचे फोटो तातडीने मागणारा.
खरं सांगते, श्वास मात्र उपयोगी पडला.
जांबोटीची बस घाट चढताना अजून मोजते.

महादेवी त्या दिवशी हसली नाही.
परतीच्या बसमधून मला पुलाजवळच उतरवलं,
मलप्रभेत पाय सोडून बसवलं,
डब्यातली राहिलेली भाकरी मोडून अर्धी दिली.
बराच वेळ पाण्याकडे बघून म्हणाली,
'तू पहिल्यांदा वाचलेलंच बरोबर होतं गं.'

मग आम्ही वाटणी केली.
सरकारी कन्नड, ज्याचं एक वाक्य पान उलटल्यावर संपतं,
ते ती वाचणार.
तिच्या पाचवीचे अपूर्णांक मी घेणार,
भाकरी मोडून.
दिवेलागणीला माझा फोन बासमतीच्या डब्यात.
आत थरथरत राहतो, तांदूळ बारीक किणकिणतात,
पण भात शिजायला लागतो तेवढाच वेळ लागतो.
परवा मात्र राहवलं नाही.
साडेनवाला काढला, दोन याद्या भरल्या,
आणि अडीचपर्यंत पत्र्यावरची मांजरं ऐकली.
झालं. सकाळी पुन्हा डब्यात.

वर्गालाही आता सांगते, आज बाई दमल्या आहेत.
आधी लाज वाटायची.
रेणुका घाडी उठली, खुर्ची ओढून दिली,
'बसा बाई, पाढे मी घेतो.'
(आमच्याकडे मुलीही घेतोच म्हणतात.)
सत्तावीस नव्वे चुकली. मी बसूनच राहिले.
मागच्या बाकावरून कुणीतरी दुरुस्त केलं.

मे महिन्यात महादेवी रिटायर होते आहे.
तिचा विषय निघाला की पुन्हा ती खुंटी,
हळूच, एकदाच.
पुढचे कागद मलाच वाचायचे आहेत.
ती म्हणते, शिकवते की, रोज चार ओळी, नदीवर,
चपला काढून.
कुठून सुरू करायचं?
पहिला शब्द मला येतो, मी म्हटलं.
दोन्हीकडून.