मात्रा

सोमवारी दहा घसे, हा माझा कोटा.
आ म्हणा. अजून. डोळ्यांत पाणी येईल, येऊ द्या.
काडी गुलाबी पाण्यात मोडायची,
बूच फिरवायचं, वर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर आकडा.

बंदी उठून पंधरवडा झाला होता
आणि अर्धं हर्णै खोकत होतं.
लिलावातल्या बायकांचे आवाज बसलेले,
पापलेटं बोटांच्या खुणांवर विकली जात होती.

एकोणचाळिसावा घसा टेकबहादूरचा.
ट्रॉलरवरचा खलाशी, नेपाळचा, अंगात एकशे तीन ताप,
तरी स्टुलावर ताठ, जणू फोटो काढतायत.
'हे कुठे जाणार?'
पुण्याला.
तो हसला, हसताना ठसका लागला.
'मी नाय गेलो अजून.'

लाइट कालपासून नव्हती.
शीतपेटीतली पाकिटं कोमट झालेली.
नजीर मिरकरने कारखान्यातला बर्फ फोडून दिला,
सुरमईच्या वाट्याचा.
पैसे विचारले तर म्हणाला, ताप आमच्या घरात पण आहे.
पेटी पुण्याच्या एसटीत वाहकाच्या सीटखाली गेली.
वाहक म्हणाला, मासळीचा वास येतोय, पार्सलचं तिकीट काढा.
काढलं.

कागद आला तेव्हा वाळूवर जवळा सुकत होता.
नमुना एकोणचाळीस : गोळीला दाद देत नाही.
विषाणूच्या एका प्रथिनात, दोनशे पंच्याहत्तराव्या जागी,
हिस्टिडीन असायला हवं तिथं टायरोसीन.
बाकी सगळं जसंच्या तसं.

एसटीच्या एका पाटीवर हर्णे लिहितात, एका मात्रेचं,
दुसऱ्या पाटीवर हर्णै, दोन मात्रांचं.
गाडी कुठलीही धरा, बंदरावरच येते.
इथं एक मात्रा बदलली
आणि आमची मात्रा चालेनाशी झाली.

मला वाटलं, अर्धा कोर्स घेऊन सोडला असेल त्याने,
खलाशी सोडतातच.
रजिस्टर उलटलं. गोळी त्याला दिलीच नव्हती,
ऑगस्टात आमच्याकडे साठाच आला नव्हता.
शेरा : पाचव्या दिवशी ताप आपोआप उतरला.
म्हणजे तो बदल आधीच होऊन त्याच्याकडे आला होता,
कुणाच्या तरी श्वासातून,
आणि त्या कुणाकडे आणखी कुणाच्या.
मनातल्या मनात मी त्याची माफी मागितली.

नामा दोरकुळकर पडवीत जाळं विणत बसतो.
त्याला लस समजावताना ती मलाच नीट समजली :
मासा यायच्या आधी सहा महिने आस ठरवायची,
गेल्या साली काय आलं त्यावरून.
आणि मासा दर साली थोडा वेगळा.
'मग निम्मा सुटत असंल.'
कधी कधी.
'तरी विनायला लागतंच,' नामा म्हणाला.
सुई त्याने थांबवली नव्हती.

आता तो नमुना कोंबडीच्या अंड्यांत वाढवून बघतायत.
त्याला नाव पडलंय :
ए, तिरकी रेघ, हर्णै, तिरकी रेघ, आकडा, तिरकी रेघ, साल.
इंग्रजीत आहे, त्यामुळे मात्रा एक की दोन कळत नाही.
विषाणूला गाव मिळालं.
ज्याच्या घशातून निघाला तो गावचा नव्हता.

जेटीवर विचारलं. कुणी म्हणालं वेरावळला गेला,
कुणी म्हणालं घरी, डोंगरात.
फोन लागत नाही.
लागला असता तर काय सांगणार होते, ठरवलं नव्हतं.
तू पुण्याला जाऊन आलास,
एवढंच बहुधा.

रजिस्टरात माझ्याच अक्षरात टेकबहादूर.
आडनावाचा रकाना रिकामा.
मागे रांग होती.