बियांशिवाय

पहाटे पाचला मी स्वयंपाकघराचा दिवा लावते
तेव्हा बाहेर ब्लेअरगाउरी काळंकुट्ट,
आणि काचेवर बर्फाची जाळी, तीही आतल्या बाजूनं.
फळ्यावर खोल्यांचे आकडे, पुढे पथ्यं:
दोन – साखर नको.
पाच – दूध नको, आणि कप निळाच हवा.
नऊ, वॉटी गेडीस – कण नको, साल नको, बी नको.
चमचा उपडा केला की सगळं एकदम पडावं,
थेंब थेंब ओघळू नये.
चवीबद्दल कुणी काही लिहीत नाही.

काल त्यांनी वाडगा सरकवून दिला.
"सेंगा, हे मी खायचं की भिंतीला लावायचं?"
मग उगाच टेबलक्लॉथ सारखा करत म्हणाले,
"एकदा क्रॅनाखन कर ना."

क्रॅनाखन म्हणजे लग्नाकार्यातलं गोड,
रात्रीच्या जेवणानंतरचं:
फेटलेली साय, भाजलेले कुरकुरीत ओट्स,
मध, व्हिस्कीची धार,
आणि काचेआडून दिसणाऱ्या लालचुटूक रासबेऱ्या.
थोडक्यात, नऊ नंबरला जे जे मना
ते सगळं एका पेल्यात.

मी रात्रीच ओट्स भाजले,
खमंग वास थेट जिन्यापर्यंत गेला.
दळले, पिठासारखे, आणि दुधात भिजत घातले.
आता मंद आचेवर ढवळते आहे लाकडी दांड्यानं.
आई म्हणायची, उजवीकडून डावीकडे ढवळलंस तर सैतान येतो.
मी दोन्हीकडून ढवळते. इथे यायला त्याला सवड कुठे.

चिमूटभर मीठ, त्यावर तडजोड नाही.
मग साय, मग हेदरचा मध,
मग पुन्हा साय, कारण हात आखडता घ्यायला
हे काही माझ्या पगारातून जात नाही.

रासबेऱ्या गोठलेल्या, जुलैतल्या.
कोमट केल्या तशा त्या आपणहून फुटल्या.
चाळणीवर घेतल्या, चमच्याच्या पाठीनं घासल्या,
घासल्या, घासल्या,
मनगट भरून आलं.
खाली रेशमासारखा गर,
वर नुसत्या बिया, बारीक वाळूसारख्या,
आणि माझा पांढरा एप्रन कसायासारखा.

व्हिस्कीचं काय?
औषधांची यादी पाहिली आणि बाटली पुन्हा बंद केली.
बूच तेवढं खिशात टाकलं.

आठला वाडगा त्यांच्यापुढे ठेवला.
वर गुलाबी नागमोडी रेघ ओढली होती, दाखवायला.
चमचा उपडा करून पाहिला: नियमात बसतंय.
त्यांनी एक घास घेतला,
डोळे मिटले, गिळलं. खोकला नाही.
दुसरा. तिसरा.
मी श्वास सोडला तेवढ्यात म्हणाले,
"बिया कुठायत?"

पंचेचाळीस उन्हाळे या माणसानं
रासबेरीच्या मळ्यावर मुकादमी केली.
"दातात अडकलेली बी," म्हणाले,
"जिभेनं काढता काढता रविवारचं प्रवचन संपायचं.
ग्रिझेल कोपरानं ढोसायची.
तिच्याही दातात असायचीच की."

आता दातच नाहीत. ग्रिझेल नाही.
मळ्यावर प्लास्टिकचे बोगदे, बोगद्यात
परदेशातून आलेली मुलं, कानात गाणी घालून.
हे ते तक्रारीनं नाही म्हणाले,
हवापाणी सांगावं तसं.

मी आत गेले. चाळणी अजून धुतली नव्हती.
तीच आणून त्यांच्यासमोर धरली,
आणि खिशातलं बूच नाकाशी.
"खायच्या नाहीत हं," मी म्हटलं, "नाहीतर माझी नोकरी जाईल."

त्यांनी बूच नीट हुंगलं, दोन्ही नाकपुड्यांनी.
मग तर्जनी बियांत दाबली,
उचलून उजेडाशी नेली.
बोटाला सात-आठ चिकटल्या होत्या.
बराच वेळ अंगठ्यानं चोळत राहिले,
जसं कुणी पेरण्याआधी पाहतं.

"माल चांगला आहे," म्हणाले.
मग दुसऱ्या हातानं चमचा उचलला.
आणि पाच नंबर ओरडली, निळा कप कुठे आहे म्हणून.