पत्ती

कपाट क्रमांक सातमधल्या दगडांची
मराठी लेबलं करायचं काम माझ्याकडे आलं,
कारण माझं अक्षर बरं
आणि निवृत्तीला तीन महिने.

चौथ्या खणात तो होता.
काळ्या बेसॉल्टची फुटकी कवटी,
आत पांढरे गोळे, केसाळ,
नुकतेच पिंजून ठेवल्यासारखे.
जुन्या कार्डावर टंकलेलं : ओकेनाइट. कुर्ला, खाण.
खाली शाईनं, डिक्रूझ सरांच्या तिरक्या हातानं :
आणून दिला – सायव्वा धोत्रे, खडी फोडणारी.
ती म्हणते – पत्ती.

ओकेन हे कुणा जर्मन पंडिताचं नाव.
दगड पहिल्यांदा ओळखला तो ग्रीनलंडचा.
त्या दोघांना कुर्ल्याचा पत्ता असायचं कारण नव्हतं.

घटक लिहायला घेतले :
कॅल्शियम दहा, सिलिकॉन अठरा,
ऑक्सिजन शेचाळीस,
मग एक टिंब,
टिंबापुढे पाणी, अठरा वेळा.
टिंबावर पेन अडलं.
लाव्हा निवताना राहिलेल्या पोकळीत
पाझरत आलेलं पाणी,
कोट्यवधी वर्षं कुणी न प्यायलेलं.
खाणीवर सायव्वाचा हंडा कुठून भरायचा
ते कार्डावर नाही.

पत्ती म्हणजे मी ब्लेड धरून चाललो होतो.
तंतू बारीक, धारेचे; जुळत होतं.
चहाची पत्तीही लावून पाहिली.
प्रॅक्टिकलला आलेली विटकर आडनावाची मुलगी
वाकून बघत म्हणाली,
आमच्या घरी पत्ती म्हणजे कापूस, सर.
आणि हसली,
दिसतंय तेच मला वाचता येऊ नये म्हणून.

बोट लावू नये.
तंतू एकदा बसले की पुन्हा उठत नाहीत.
मधल्या मोठ्या गोळ्यावर एक खळगा आहे,
अंगठ्याएवढा.
यादीत त्यापुढे ‘नमुना सदोष’.
खरंच कापूस आहे का, म्हणून
कुणीतरी दाबून पाहिलं असणार.
सायव्वानंच असं नाही,
डिक्रूझ सरही असतील.
मी माझा अंगठा वरच्या वर धरला, न टेकवता.
मोठा होत होता.

लेबल असं केलंय :
ओकेनाइट. इथलं नाव पत्ती, म्हणजे कापूस.
कुर्ला. सायव्वा धोत्रे यांजकडून.
‘सदोष’ गाळलं.
साहेबांनी विचारलंच
तर जागा पुरली नाही म्हणेन.