चतुःसीमा, नसलेल्या गावांची

"फक्त संदर्भासाठी. घरी नेता येणार नाही."
असा शिक्का आहे त्याच्यावर, जांभळ्या शाईचा.
उदगीरच्या वाचनालयात, जिन्याखालच्या कपाटात
बावीस वर्षं उभा आहे अद्भुतकथा-कोश.
संग्राहक: बसलिंगप्पा हुडगे,
निवृत्त भूकरमापक.

हयातभर त्यांनी साखळी ओढली
काळ्या रानातून, बांधावरच्या भांडणांतून.
मग पेन्शन लागली
आणि मोजायला घेतली नसलेली गावं.
भाड्यानं मिळणाऱ्या फाटक्या कादंबऱ्या,
बिदरहून आणलेल्या कन्नड चोपड्या, उर्दू दास्तानी,
सगळ्यांतल्या राक्षसांना गट नंबर दिले,
उडत्या महालाची चतुःसीमा लिहिली:
पूर्वेस ढग, पश्चिमेस ढग,
दक्षिणेस कथा संपते,
उत्तरेस वाद चालू.

मी इथं सहायक. पगार अनुदान आल्यावर.
दिवाळीआधी तपासणी झाली,
देवघेव वहीत या पुस्तकापुढं शून्य.
"कोण वाचूलालंय हे?" सचिव म्हणाले,
"खोट्याचा कोश कशाला पायजे? रद्दीत घाला."
मी मान हलवली
आणि कोश पोलीस भरतीच्या मागून काढून
तलाठी भरतीच्या मागं ठेवला.

मार्चमध्ये तहसीन आली, बारावीचा पेपर देऊन,
बोटांना अजून शाई.
म्हणाली, अब्बांना एक गोष्ट अर्धीच येते.
लहानपणी पंक्चरच्या दुकानात एक पुस्तक होतं,
कव्हर नाही, पहिली साठ पानं नाहीत.
मिठाचा घोडा असतो. समोर नदी.
घोडा कुणाचा, कुठून निघाला, ठाऊक नाही.
असं पुस्तक मिळेल का?

पुस्तक नव्हतं.

घोडा, मिठाचा: पहा उलटी बारव.
उलटी बारव: पायऱ्या वर जातात,
पाणी आभाळाला लागतं. पहा तहानलेला राजा.
तहानलेला राजा: पहा गाव, नाव गहाण टाकलेलं.
तिचं बोट या पानावरून त्या पानावर,
कंदील नसताना
बांधाबांधानं घरी जाणाऱ्या माणसासारखं.

मग सापडली नोंद.
लेखक अज्ञात. छपाई सुमार. गोष्ट उत्तम.
पाण्यापायी गावानं राजाकडे नाव गहाण टाकलं,
ते सोडवायला मिठाचा घोडा घडवला.
खाली बारीक टाइपात:
"संग्राहकास मिळालेल्या प्रतीत घोडा नदीपाशी पोचतो.
पुढील पाने नाहीत. अंदाज करणार नाही.
ज्यांस ठाऊक असेल त्यांनी कृपया कळवावे."
आणि पत्ता, पिनकोडसकट.

अंदाज करणार नाही.
मी तिथंच थांबलो. इतक्या वर्षांत
मीही हे पान उघडलं नव्हतं.

तहसीन हसली. "पण पुढचं तर अब्बांना येतं!"

दुसऱ्या दिवशी ते आले, रिक्षा बाहेर लावून,
चपला दाराशी काढून.
उभ्यानंच सांगितलं:
नदीत उतरला तर घोडा विरघळणार.
म्हणून गावातल्या प्रत्येकानं एकेक चिमूट घेतली,
मूठ डोक्यावर धरून पोहत गेले,
पैलतीरी घोडा परत रचला.
सगळा जमला. डावा कान तेवढा कमी.
कुणीतरी वाटेत चाखला.

मी लिहून घेतलं, सांगणाऱ्याच्या नावासकट.
हुडगेंना जाऊन अकरा वर्षं झालीत,
त्या पत्त्यावर आता मोबाइलचं दुकान.
चिठ्ठी खळीनं त्याच पानावर डकवली,
शिक्का मारला, तारीख घातली: कळवले.
सचिव पुन्हा येतील,
वहीत त्यांना शून्यच दिसेल.

निघताना अब्बा दारातून परत फिरले.
घोडा पोचला म्हणजे नाव सुटलं असेल की,
मग काय होतं त्या गावाचं नाव?

तहसीननं पान उलटलं.
"गावाचे नाव: गहाण असल्याने नोंदवता आले नाही."
आणि पुढं दीड ओळ
जागा सोडलेली.